शनिवारच्या वाचन तासिकेत माना खाली असतात, पण मुलं वाचत नाहीत. काय करावं?

पूर्वभागातली_बाई

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी सोळा वर्षं मराठी शिकवते आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. मला कुणाची तक्रार करायची नाही, मार्ग हवा आहे.

आमच्याकडे पुस्तकं नाहीत असं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर चार लोखंडी कपाटं आहेत, दाखल नोंदवहीत 1,940 पुस्तकांची नोंद आहे. ग्रंथपाल नाही, म्हणून किल्ली माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी खूप मागे लागून आठवी-नववीसाठी शनिवारी पस्तीस मिनिटांची वाचन तासिका मिळवली. कपाट उघडायचं, पुस्तकं वर्गात न्यायची, वाटायची आणि घंटा व्हायच्या आत मोजून परत ठेवायची. सुरुवातीला मला वाटलं, जमलं. वर्ग शांत असायचा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला कलामसाहेबांच्या फोटोला हार घातला, मुलं मैदानात रांगेने पुस्तकं घेऊन बसली, फोटो वर पाठवले.

यंदा जूनमध्ये ठरवलं की तासिकेला टेबलाशी बसायचं नाही, बाकांमधून फिरायचं. आठवी ब, शेवटचा बाक. एका मुलाच्या हातात सलग तीन शनिवार एकच पुस्तक, आणि पानही तेच, बारावं. जवळ जाऊन हळूच विचारलं, काय वाचतोस रे? म्हणाला, "वाचूलालोय की, बाई." मी शेजारी बसले. म्हटलं, मलाही ऐकव एक ओळ. त्याने बोट ठेवलं. पहिला शब्द "संध्याकाळी" होता. सं झालं, पुढच्या ध्यापाशी बोट थांबलं ते थांबलंच. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. मी पुस्तक मिटलं आणि भलतंच काहीतरी विचारलं, वडील काय करतात वगैरे.

वडील यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. हा संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जातो आणि तिथेच बसून राहतो. मग त्याने मला चादरीवर नक्षी विणणारं जेकार्ड समजावून सांगितलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते. जिथे भोक आहे तिथली सुई आत जाते, तिचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. एका पुठ्ठ्याला आडव्या धाग्याच्या धोट्याची एक फेरी, असं करत करत चादरीवर मोर उतरतो. एक पुठ्ठा मागे-पुढे ओवला गेला तर मोराची मान कुठे तुटते, हे त्याला चादर बघून सांगता येतं. इतकी बारीक खूण वाचणारा मुलगा जोडाक्षराला अडतो, आणि सातवीपर्यंत आम्ही कुणीच ते पाहिलं नाही.

त्यानंतर मी दोन आठवडे मधल्या सुट्टीत एकेकाला व्हरांड्यात बोलावून एक मिनिट वाचायला लावलं. चोपन्न मुलं. तेरा जणांना सलग परिच्छेद वाचता येत नाही. आणखी वीसेक वाचतात, पण वाचून झाल्यावर "काय झालं गोष्टीत?" विचारलं की गप्प.

घरची परिस्थिती सांगते. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात, काहींकडे कन्नड, काहींकडे दखनी उर्दू. मराठी शाळेत भेटते. आया बहुतेक विड्या वळतात, मुली शाळेतून गेल्यावर पाला कापायला, विड्यांची तोंडं बंद करायला बसतात. घरात पाठ्यपुस्तकाशिवाय छापील कागद म्हणजे कॅलेंडर. अशा मुलांना "वाचाल तर वाचाल" असं फळ्यावर लिहून दाखवायला मला आता धीर होत नाही.

ज्यांनी आपल्या शाळेत हे काम खरंच केलंय त्यांनी सांगा. सुरुवात कुठून करू? वाचता न येणाऱ्या तेरा जणांना बाकीच्यांपासून वेगळं काढू की नको?

बार्शीचा_जुना_ग्रंथपाल

ताई, एकतीस वर्षं शालेय ग्रंथालयात घालवली आहेत, त्या हक्काने लिहितो. तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, "घंटा व्हायच्या आत मोजून परत". सगळी अडचण तिथे आहे. पस्तीस मिनिटांत दहा मिनिटं वाटण्यात, पाच मोजण्यात. उरलेल्या वीसात गोष्ट रंगात आली की पुस्तक हातातून काढून घेणार. मोठी माणसंसुद्धा अशी वाचणार नाहीत. पुस्तक घरी गेलं पाहिजे.

मला कळतं तुम्ही का सोडत नाही. किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडून वसुली, ही भीती मी पहिली आठ वर्षं अंगावर वागवली. एका वर्षी पडताळणीत सतरा पुस्तकं कमी भरली आणि माझ्या पगारातून पैसे गेले. पुढच्या वर्षी मी देवघेव जवळजवळ बंद केली. त्या वर्षी एकही पुस्तक हरवलं नाही आणि एकही वाचलं गेलं नाही.

म्हणून आधी हे काम करा. शाळा समितीच्या बैठकीत एक ठराव घ्या की वाचनात फाटलेलं, हरवलेलं पुस्तक शिक्षकाच्या माथी मारायचं नाही. आधाराला काही हवं असेल तर केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 215 दाखवा. वर्षभरात दिलेल्या-हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते रास्त समजावं, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असं त्यात स्पष्ट आहे. हजार रुपयांपेक्षा महागाचं पुस्तक किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी. हा नियम केंद्राच्या संस्थांसाठी आहे, तुमच्या शाळेला थेट लागू नाही. पण सरकारसुद्धा पुस्तक हरवणं गृहीत धरतं हे समितीला कळलं की सूर बदलतो. माझ्याकडे बदलला.

दुसरं, 1,940 हा आकडा विसरा. मुलांना घेऊन एक दिवस कपाटं रिकामी करा. जुने गाइड, रद्द अभ्यासक्रमाची पुस्तकं, कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेले गौरव ग्रंथ, वाळवी लागलेलं सगळं बाजूला काढा आणि रीतसर निर्लेखनाला टाका, म्हणजे नोंदवहीतून कमी करा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने हौसेने हातात घ्यावं असं तीनशे-चारशे निघालं तरी पुष्कळ. तेवढी प्रत्येक वर्गात पत्र्याच्या पेटीत ठेवा, प्रत्येक पेटीत चाळीस-पन्नास. कुलूप नको. नोंद मुलांनीच वहीत करायची: तारीख, नाव, पुस्तक. पेटी दर दोन महिन्यांनी दुसऱ्या वर्गात. दंड नको. आणि हात जोडून सांगतो, "वाचून झाल्यावर परीक्षण लिहून आणा" असं म्हणू नका. त्या एका अटीने मी स्वतः शेकडो मुलं घालवली.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. जुन्या काळी युरोपात पुस्तकं फळीला साखळीने बांधून ठेवत. आपल्याकडे साखळीच्या जागी गोदरेजचं कपाट आलं आहे.

दहावीचा_वर्गशिक्षक

मॅडम, तुमची तळमळ पोचली. तरी माझं मत थोडं वेगळं आहे. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या 2023 च्या अहवालात 28 ग्रामीण जिल्ह्यांतली 14 ते 18 वयाची मुलं तपासली होती. त्यांतली सुमारे 25 टक्के मुलं आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचू शकली नाहीत. म्हणजे तुमचे तेरा जण सगळीकडे आहेत, माझ्याही वर्गात आहेत. त्यांना गोष्टीची पुस्तकं देऊन काय होणार? आधी बाराखडी, जोडाक्षरं, रोज वीस मिनिटं सराव. पाया झाल्यावर अवांतर. शिवाय दोन वर्षांनी ही मुलं बोर्डाला बसणार, तेव्हा निकालाचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

पूर्वभागातली_बाई

सर, जोडाक्षरांचा सराव हवाच, त्याबद्दल वाद नाही. तो मी सुरू केला आहे, शाळा भरायच्या आधी पंचवीस मिनिटं. पण एक सांगते. त्या मुलाला पहिलीपासून जोडाक्षरं शिकवलीच आहेत की. सात वर्षं फळ्यावर होती. जोडाक्षर ओलांडून पलीकडे जायला त्याला कधी कारणच मिळालं नाही, पलीकडे काही आहे हे कुणी दाखवलं नाही. सराव आणि गोष्ट एकाच वेळी चालली पाहिजे, असं मला आता फार वाटतं. बोर्डाचं म्हणाल तर अपठित उतारा आमच्याकडे मुलं कोरा सोडून येतात. तो न वाचणाऱ्यालाच अवघड जातो ना?

ग्रंथपाल काका, ठरावाचं अगदी मनावर घेतलं. मुख्याध्यापकांशी बोलते.

विडीघरकुलचा_पोरगा

बाई, मी तुमच्या शाळेचा नाही, पण तुमच्या त्या शेवटच्या बाकावरचाच म्हणा. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत वाढलो, घरात तेलुगू, शाळा मराठी. आता पुण्यात नोकरी करतो.

माझी आई रोज हजार विड्या वळायची. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो: आदल्या दिवशी पाला भिजवायचा, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पानं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन वळत बसायचं. हात थांबत नाहीत, नजरही फारशी हलत नाही. पण कान रिकामे असतात. दुपारी शेजारच्या चार-पाच बायका एकाच ओसरीला बसायच्या, बोलत, गात. मी सातवीत असताना समोरच्या दुकानातून सामान बांधून आलेला पेपरचा तुकडा मी मोठ्याने वाचत होतो. खुनाच्या खटल्याची बातमी होती, अर्धीच. आई म्हणाली तेलुगूत सांग. सांगितलं. पुढचा तुकडा कुठाय म्हणून बायका माझ्या मागे लागल्या. दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडून अख्खा जुना पेपर मागून आणला. त्या ओसरीवर मी दोन वर्षं वाचलं. चुकलो तर कुणाला कळायचं नाही, कारण मराठी वाचणारा मी एकटाच. तीच सगळ्यात मोठी सोय होती. वर्गात चुकलो की पोरं हसायची.

तुम्ही गृहपाठ द्या: घरी विड्या वळताना आईला वाचून दाखवायचं आणि घरच्या भाषेत सांगायचं. आईला वेगळा वेळ काढावा लागत नाही. आणि कळल्याशिवाय तेलुगूत सांगता येत नाही, त्यामुळे नुसतं पान उलटून भागत नाही.

बार्शीचा_जुना_ग्रंथपाल

मित्रा, तुझी ओसरी वाचून अंगावर काटा आला. क्युबात हवानाच्या चिरूट कारखान्यांत 1865 पासून हेच चालत आलं आहे. कामगार चिरूट वळतात आणि एक जण उंच जागेवर बसून त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या वाचून दाखवतो. सुरुवातीला त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. आपल्याकडेही श्रावणात एक जण पोथी वाचायचा आणि बाकीच्या बायका वाती वळत, भाजी निवडत ऐकायच्या. ऐकणारं कुणी असलं की वाचणारा तयार होतो.

सीमेवरचा_गुरुजी

अक्कलकोट तालुक्यात आहे, आमच्या मुलांच्या घरी कन्नड. दोनच गोष्टी लिहितो.

तेरा जणांना वेगळं काढू नका, मान देऊन सोपी पुस्तकं द्या. आठवीतल्या मुलाच्या हातात दुसरीचं पुस्तक दिलं की तो मरून जातो. आम्ही त्यांना सांगितलं, "शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या दुसरीच्या पोरांना शुक्रवारी तुम्ही गोष्ट वाचून दाखवायची आहे." मग तेच पातळ पुस्तक ते आठवडाभर चार-पाचदा वाचतात, एकमेकांना ऐकवतात, जोडाक्षर अडलं तर स्वतः येऊन विचारतात. लहान पोरं त्यांना "दादा" म्हणतात. हे आमच्याकडे तीन वर्षं चाललंय.

दुसरं, पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या भाषांत चित्रांची गोष्टीची पुस्तकं फुकट आहेत, पातळीनुसार लावलेली. मोबाईलवर दाखवू नका, छापून स्टेपल करा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं अजूनही स्वस्त आहेत.

पूर्वभागातली_बाई

दहा आठवड्यांनी लिहिते आहे. ज्यांनी ज्यांनी लिहिलंत त्यांना काय झालं ते सांगायला हवं.

ठराव झाला. सोपं गेलं नाही. "मुलं रद्दीत विकतील" असं समितीतले एक जण म्हणाले. मी नियम 215 ची छापील प्रत पुढे ठेवली. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, बरं, एक वर्ष करून बघू. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवासाठी पूर्व भागातली सगळी मुलं मिरवणुकीत असतात, शाळा ओस पडते. त्याच्या आदल्या शनिवारी आम्ही कपाटं रिकामी केली. धुळीने सगळ्यांना शिंका. निवडायचं काम मी मुलांवर सोडलं: दोन पानं चाळा, घरी न्यावंसं वाटलं तर डावीकडे, नाही तर उजवीकडे. उजवीकडचा ढीग बाकाच्या वर गेला. डावीकडे 386 आली. मला जी फार मोलाची वाटत होती त्यांतली बरीच उजवीकडे पडली, मी हात लावला नाही.

पत्र्याच्या पेट्या एका माजी विद्यार्थ्याने दिल्या. वही मुलींच्या ताब्यात आहे आणि त्या माझ्यापेक्षा कडक आहेत. आतापर्यंत चार पुस्तकं गेली. एक गायब, एकावर तंबाखूचं पाणी सांडलं, दोन जणांचे आईवडील घर बदलून गेले आणि पुस्तकंही गेली.

रोज मराठीच्या तासाची पहिली आठ मिनिटं मी मोठ्याने वाचते. अगदी मजेच्या ठिकाणी थांबते आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून फळ्याकडे वळते. मधल्या सुट्टीत टेबलाशी गर्दी असते. दहावीच्या वर्गशिक्षक सर, तुमच्या सूचनेप्रमाणे सकाळचा सरावही चालू आहे. तेरांतले पाच आता सलग वाचतात, चार जवळ आले आहेत. चौघांचं अजून जमलेलं नाही, त्यांतले दोघे शाळेतच कमी येतात. त्यांची मला फार काळजी वाटते.

आमचा जेकार्डवाला शुक्रवारी प्राथमिकच्या दुसरीत वाचतो. पहिल्या शुक्रवारी तो आलाच नाही. दुसऱ्या शुक्रवारी दारात उभा राहिला. तिसऱ्या शुक्रवारी त्याने हत्तीची सोळा पानांची गोष्ट वाचली. "व्याघ्र" शब्दाला थांबला, बोट ठेवलं, तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, मग मोठ्याने म्हणाला. दुसरीतल्या पोरांना ते थांबणं गोष्टीतलंच वाटलं, ती पुढे सरकून बसली.

घरी वाचून दाखवायचं मी सक्तीचं केलं नाही, फक्त सांगितलं. 'किशोर'च्या जुन्या अंकांतल्या गोष्टी छापून दिल्या, अक्षर थोडं मोठं करून. नववीतली एक मुलगी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. तिच्या घरी मी मागच्या रविवारी गेले होते, दुसऱ्याच कामाला, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही हवी होती. खोलीत पाल्याचा ओला वास. आई आणि आजी सूप घेऊन बसलेल्या, ही दाराजवळ उजेडात. मला बघून थांबली. आई म्हणाली बसा बाई, हिचं होऊ दे. मुलगी एक परिच्छेद मराठीत वाचायची, मग मान वर करून तेलुगूत सांगायची. गोष्टीतली म्हातारी नदीकाठी एकटी राहते असं होतं. आजीने मध्येच काहीतरी विचारलं. मुलीने कागदात पुन्हा पाहिलं, शोधलं आणि उत्तर दिलं. संपल्यावर आई विडीला दोरा गुंडाळत म्हणाली, "मल्ल चदुवू." पुन्हा वाच. सही राहिली बाजूला, मीही दुसऱ्यांदा ऐकली.

आता एक मदत हवी. शिक्षकांनी आणि काही पालकांनी मिळून साडेचार हजार रुपये जमवले आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तकं आणायची आहेत, म्हणजे सुट्टीत पुस्तकं घरी जातील आणि पेट्या रिकाम्या होतील. ग्रंथपाल काका, गुरुजी, पातळ, मोठ्या अक्षराची, पण आठवी-नववीच्या मुलाला बाळबोध वाटणार नाहीत अशी पुस्तकं कुठून घेऊ? जेकार्डवाल्याने सांगून ठेवलंय की यंत्रं आतून कशी चालतात ते दाखवणारं एक तरी हवं, आणि चित्रात दातेरी चाकं मोजता आली पाहिजेत.